बायबलमधले लोक आणि आजचे आपण, खरंच इतके वेगळे आहोत का?

भांडणं आणि तक्रारी बघितल्या तर नाही, पण माणसाची कायदेशीर किंमत बघितली तर फरक प्रचंड आहे. आजच्या इस्रायलच्या किनाऱ्यावर मेसाद हशव्याहू नावाच्या जुन्या गढीत १९६० मध्ये एक खापर सापडलं, इ.स.पू. सातव्या शतकातलं, त्यावर शाईने हिब्रूत एका कापणीच्या मजुराचा अर्ज आहे. तो म्हणतो मी ठरलेलं काम पुरं केलं तरी होशायाहू नावाच्या माणसाने माझं वस्त्र काढून नेलं, माझ्यासोबत उन्हात कापणी करणारे भाऊबंद साक्ष देतील, साहेब मला ते परत मिळवून द्या. म्हणजे लेबर कोर्टातला अर्जच की!

बायबलचा नियमही असाच आहे, गरिबाचं पांघरूण गहाण घेतलंस तर सूर्य मावळायच्या आत परत दे, नाहीतर तो काय पांघरून झोपणार (बायबलमधलं निर्गम हे पुस्तक, अध्याय २२). बायबलमधल्याच ‘अनुवाद’ (Deuteronomy) नावाच्या पुस्तकात अजून दोन मस्त नियम आहेत:
- जातं गहाण घ्यायचं नाही, कारण दळण थांबलं की चूल थांबली
- नवीन घर बांधलं तर गच्चीला कठडा हवाच, कोणी पडायला नको (आजचे बिल्डर ऐकताय ना)

फक्त एक आहे, हे सगळं वाचून त्या काळच्या लोकांना फार आधुनिक समजू नका, त्याच निर्गममध्ये गुलाम बाळगायचे आणि बापाने मुलगी दासी म्हणून विकायचे नियमही आहेत, आणि पुस्तकात नियम होता म्हणून तो रोज पाळलाच जायचा असं नाही, पाळला असता तर त्या मजुराला कदाचित अर्ज करावाच लागला नसता.