एफसीसी नंबर असलेलं ९१५ मेगाहर्ट्झचं लोरा (थोडा डेटा कमी विजेत दूरवर पाठवणारं रेडिओ) मॉड्यूल द्राक्षबागेच्या ओलावा-सेन्सरमध्ये बसवून नाशिकात विकता येईल का?

नाही. एफसीसीचा, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाचा, नंबर अमेरिकेपुरता; इथे डब्ल्यूपीसीचं (दूरसंचार विभागाच्या रेडिओ-परवाना शाखेचं) ईटीए, म्हणजे उपकरणाच्या मॉडेलची मंजुरी, लागतं. पण तुमच्या बाबतीत कागदाआधी फ्रिक्वेन्सीच आडवी येते: ९१५ तिकडे मोकळा आहे, आपल्याकडे नाही. भारतात लोरासाठी विनापरवाना पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ (२००५ साली ८६७ पर्यंतच होता, २०२१ मध्ये वाढवला). ट्रान्समीटर १ वॅटच्या आत, अँटेनाचा गेन (सिग्नल एका दिशेला एकवटण्याची ताकद) धरून ४ वॅटच्या आत. इथेच अंबड एमआयडीसीत एका युनिटमध्ये हेच कागद करतो, म्हणून सांगतो: मॉड्यूलवरच्या पत्र्याच्या टोपणाकडे नीट बघा. बरेचदा ८६८ आणि ९१५ असे दोन चौकोन छापलेले असतात आणि खूण एकावरच असते. नुसतं सॉफ्टवेअरमधून ८६६ टाकलं तर सिग्नल जाईलही, पण आतलं मॅचिंग (अँटेनाशी जुळवणारं सर्किट) ९१५चं असेल तर रेंज मार खाते. तेव्हा ८६५-८६८चंच मॉड्यूल घ्या, विक्रेत्याकडून त्याच्या ईटीएची प्रत मागा आणि मॉडेल नंबर अक्षर न अक्षर जुळवा. एक डॅश चुकला तरी तो कागद दुसऱ्याच मालाचा. ईटीए नसेल तर मान्यताप्राप्त लॅबचा आरएफ (रेडिओ चाचणीचा) रिपोर्ट घेऊन दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर अर्ज करा. फक्त एक: हे सगळं रिपोर्टमधल्या अँटेनापुरतं. वेली पानांनी भरल्या की सिग्नल पडतो आणि मग लोक मोठा अँटेना चढवतात. गेन वाढला की जुना रिपोर्ट धरून चालता येत नाही.