फायरप्लेस पेटवली की धूर बैठकीत येतो, काय करावं?

घर न्यू जर्सीतलं, जुनं. विटांची फायरप्लेस पेटवली की धूर बैठकीत भरतो, आणि कुणीतरी चिमणीवर पंखा बसवायला सांगितलंय, असा तुमचा प्रश्न आहे. पंख्याचं नंतर बघू. आधी धूर नेमका कधी येतो ते पाहा.

फक्त पेटवतानाच येत असेल तर चिमणी गार पडलेली आहे. ती बाहेरच्या भिंतीला असली की तिच्यातली थंड, जड हवा खाली उतरत राहते. डॅम्परची झडप पूर्ण उघडा, वर्तमानपत्राची सुरळी पेटवून झडपेखाली मिनिटभर धरा. ज्वाळा वर ओढली जायला लागली की मग लाकडं पेटवा.

सतत येत असेल तर खोलीतली खिडकी दोनेक इंच उघडा. धूर थांबला तर दोष चिमणीचा नाही, घराला हवा पुरत नाही. फोडणीचा ठसका जावा म्हणून लावलेला जोरदार हूड, बाथरूमचा पंखा, कपड्यांचा ड्रायर, सगळे हवा बाहेर फेकतात आणि तिची भरपाई चिमणीतून होते. आग असेपर्यंत ते बंद ठेवा. वरच्या मजल्यावरची खिडकी मात्र उघडू नका. गरम हवा तिथून निसटते आणि चिमणीची ओढ आणखी बिघडते.

खिडकीनेही फरक पडला नाही तर टेप घ्या. धुराच्या नळीचं आतलं क्षेत्रफळ फायरप्लेसच्या तोंडाच्या साधारण दहाव्या भागाइतकं लागतं. समजा तोंड 36 × 28 इंच, म्हणजे 1008 चौरस इंच, आणि नळी आतून 8 × 11, म्हणजे 88. ही कमी पडते. 88 च्या दहापट 880, भागिले रुंदी 36, म्हणजे तोंडाची उंची 24 इंचांच्या आसपास हवी. खात्रीसाठी तोंडाच्या वरच्या कडेला पत्र्याची पट्टी धरून हळूहळू खाली आणा (हातमोजे घालून, पुठ्ठा किंवा प्लायवूड नको). धूर जिथे थांबेल तेवढ्या रुंदीचा धातूचा स्मोक गार्ड बसवून टाका. लाकडं ठेवायची जाळी विटांवर थोडी उचलून मागच्या भिंतीकडे सरकवली तरी पुष्कळदा काम भागतं.

वारा असतानाच त्रास होत असेल तर उंची बघा: चिमणी छपरातून निघते तिथून किमान 3 फूट, आणि 10 फुटांच्या आत जे काही असेल त्यापेक्षा 2 फूट उंच.

चिमणीच्या वरच्या टोपीची जाळी काजळीने बुजलेली असते, तीही तपासून घ्या. आत काजळीचा थर अष्टमांश इंच झाला असेल तर सफाईवाल्याला बोलवा, नाहीतर चिमणीच पेटते. उन्हाळ्यात स्विफ्ट पक्ष्यांनी घरटं केलेलं असेल तर पिल्लं उडेपर्यंत कायद्याने हात लावता येत नाही.

लाकडात 20 टक्क्यांहून कमी ओल हवी. ओंडका फोडून ताज्या बाजूवर मीटर लावा. वरून कोरडा दिसणारा ओक आत ओला निघतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर तो बसेपर्यंत काहीच पेटवू नका.

एवढं करूनही धूर राहिला तरच पंखा. तो निखारे पूर्ण विझेपर्यंत चालू ठेवावा लागतो, रात्रभर सुद्धा.