घाटात बंद पडणारे इंजिन : थंड होण्याआधी काय तपासावे?

प्रश्न : माझ्याकडे १९९६ सालची, कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) असलेली लहान पेट्रोल गाडी आहे. पावस ते रत्नागिरी या नेहमीच्या फेऱ्यांत ती कसलाही त्रास देत नाही. परंतु कोल्हापूरला जाताना साखरपा मागे टाकून आंबा घाट चढू लागलो, की काही वळणांनंतर इंजिन आचके देऊ लागते, ॲक्सिलरेटर दाबूनही ओढ लागत नाही आणि अखेर गाडी बंद पडते. अर्धा-पाऊण तास थांबल्यावर मात्र ती विनातक्रार सुरू होते. प्लग आणि त्याला ठिणगीसाठी करंट देणारी कॉइल नवे घातले, कार्ब्युरेटरही साफ करून घेतला, तरी फरक पडला नाही. मागचा पूर्ण पावसाळा गाडी शेडमध्ये उभी होती. आता मेकॅनिक गाडीतला पेट्रोल पंप बदलण्यास सांगत आहेत. तो बदलावा का?
– एक वाचक, पावस (जि. रत्नागिरी)

उत्तर : पंप बदलण्याची घाई करू नये. आतापर्यंत जे सुटे भाग बदलले गेले, ते सर्व गाडी व्यवस्थित चालत असताना, गॅरेजमध्ये, अंदाजाने बदलले गेले आहेत. असा दोष गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दहा-पंधरा मिनिटांतच सापडतो, कारण इंजिन निवल्यानंतर तपासण्यासारखे काही उरत नाही. आपण घाटात थांबून वाट पाहता तो वेळच तपासणीचा आहे.

‘थंड झाल्यावर सुरू होते, म्हणजे कॉइल गेली’ हा आपल्याकडच्या गॅरेजमधला ठरलेला निष्कर्ष असून त्यात अर्धेच तथ्य आहे. कॉइलच्या आतली तार तापल्यावर तुटक होते आणि निवल्यावर पुन्हा जुळते, हे खरे. पण थांबल्याने बरे होणारे दोष आणखीही आहेत. टाकीतला गंज आणि गाळ पेट्रोलच्या ओढीबरोबर जाळीवर येऊन बसतो आणि ओढ थांबली की पुन्हा खाली बसतो. टाकीत हवा आत येण्याचा मार्ग बुजलेला असेल, तर पेट्रोल कमी होईल तशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि पंपाला पेट्रोल खेचता येत नाही. गाडी उभी राहिली की हवा हळूहळू झिरपून ती पोकळी भरते. तिसरा प्रकार म्हणजे एक्झॉस्टच्या जवळून जाणाऱ्या नळीत किंवा पंपातच पेट्रोलची वाफ होणे. थंडाव्याने त्या वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. म्हणजे चार वेगवेगळी दुखणी एकाच उपायाने, नुसत्या विश्रांतीने, तात्पुरती बरी होतात. त्यामुळे गाडी पुन्हा सुरू झाली एवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही; ती बंद कशी पडली, हे अधिक महत्त्वाचे आहे.

या बाबतीत आपल्या पत्रातील वर्णन उपयोगी आहे. विजेचा दोष असता, तर इंजिन बहुधा किल्ली फिरवल्यासारखे एका क्षणात बंद पडले असते. आधी आचके, मग ओढ जाणे आणि त्यानंतर बंद पडणे, तेही सतत चढावर म्हणजे पेट्रोल सर्वाधिक लागते त्या वेळी, हे कार्ब्युरेटरला पेट्रोल अपुरे पडत असल्याचे लक्षण आहे. पावस-रत्नागिरी रस्त्यावर तेच पेट्रोल पुरते, म्हणून दोष झाकून राहतो.

पुढच्या वेळी असे घडले, तर सर्वप्रथम सुरक्षिततेकडे लक्ष द्यावे. गाडी चालत असताना किल्ली पूर्ण बंद करू नये, कारण स्टिअरिंगला कुलूप बसू शकते. ब्रेकला सर्वो (पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा) असेल, तर इंजिन बंद पडल्यावर त्यात एक-दोन दाबांपुरताच जोर शिल्लक असतो, म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच धरून ठेवावा. वळणापासून दूर, कडेला थांबून, चारही इंडिकेटर लावून चाकामागे दगड ठेवावा.

त्यानंतर इतर काहीही करण्यापूर्वी पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढली जाण्याचा जोरदार फुसकारा आला आणि लगेच गाडी सुरू झाली, तर दोष झाकणाच्या छिद्रात किंवा टाकीच्या हवेच्या नळीत आहे. शेडमध्ये उभ्या गाडीच्या अशा नळ्यांत मातीचे घर करणाऱ्या गांधीलमाश्या कोकणात सर्वांच्या परिचयाच्या आहेत. झाकण बदलून काही रुपयांत सुटणारा हा दोष शेवटी तपासला जातो, याचे मला नेहमीच नवल वाटते.

फुसकारा आला नाही, तर एअर फिल्टरचे झाकण काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात पाहावे आणि इंजिन बंद ठेवूनच थ्रॉटलचा दांडा हाताने झटकन ओढावा. ज्या कार्ब्युरेटरला ॲक्सिलरेटर पंप असतो, त्यात पेट्रोलची बारीक धार उडताना दिसली पाहिजे. धार उडाली, तर फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठते त्या कप्प्यात, पेट्रोल आहे आणि संशय पुन्हा करंटकडे वळतो. धार न उडाल्यास पेट्रोल तिथवर पोहोचतच नाही, मग प्लग आणि कॉइल यांचा विषय संपला. या तपासणीच्या वेळी जवळपास सिगारेट नसावी आणि तापलेल्या इंजिनवर पेट्रोल सांडू देऊ नये. नळी सोडून पेट्रोल बाटलीत काढून पाहण्याचा प्रकार तर घाटात करूच नये.

वाटी कोरडी आढळल्यास पाण्याने भिजवलेले फडके पंपावर आणि त्याच्या लोखंडी नळीवर गुंडाळावे. डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या भागावर, पाणी जाऊ देऊ नये. दोन-चार मिनिटांत, म्हणजे एरवी लागणाऱ्या वेळेच्या कितीतरी आधी, गाडी सुरू झाली, तर नळीत वाफ होत आहे असे समजावे. अशा वेळी नळी एक्झॉस्टपासून दूर बांधली आहे का, पंप आणि इंजिन यांमधली उष्णता अडवणारी जाड पट्टी जागेवर आहे का आणि जादा पेट्रोल टाकीकडे परत नेणारी नळी मोकळी आहे का, हे तपासावे. पंप निकामी असण्यापेक्षा त्याला अवाजवी उष्णता लागत असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

तरीही आपल्या गाडीपुरता माझा पहिला संशय टाकीवर आहे. पावसाळाभर अर्धवट भरलेल्या टाकीत किनाऱ्यावरची दमट हवा शिरून पत्र्यावर पाणी जमते आणि आतून गंज धरतो. त्यातच आता देशात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते, वर्षानुवर्षे टाकीत चिकटून राहिलेला थर सुटा करते आणि १९९६ सालच्या रबरी नळ्यांना व पंपाच्या पडद्याला ते मानवेलच असे नाही. म्हणून टाकीच्या तळाचा बोल्ट काढून थोडे पेट्रोल पारदर्शक बरणीत घ्यावे आणि रात्रभर स्थिर ठेवावे. तळाशी तांबूस भुकटी किंवा पाण्याचा वेगळा थर दिसल्यास टाकी उतरवून धुऊन घ्यावी, आतली जाळी, फिल्टर आणि सर्व रबरी नळ्या बदलाव्यात, आणि जुना फिल्टर कापून आत काय साचले आहे ते स्वतः पाहावे. पंप शेवटी तपासावा. त्याचा पडदा फाटलेला असल्यास इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येतो, त्यामुळे डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी) हुंगण्यास काहीच खर्च नाही.

एवढे करूनही दोष राहिला आणि वर सांगितलेली पेट्रोलची धार मात्र उडत असेल, तर सोबत एक जादा प्लग ठेवून गाडी बंद पडलेली असतानाच, पेट्रोलपासून दूर, ठिणगी पाहावी. नवी कॉइलही खराब निघू शकते. किनाऱ्यावरच्या गाड्यांत इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी खारट हवेने आतून कुजते. स्टार्टर मारताना बॅटरीची ऋण बाजू आणि इंजिनचा धातू यांमध्ये मल्टिमीटरवर अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक दाब दिसला, तर ती पट्टी बदलावी.

प्रश्न : आमची गाडी २००५ सालची, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी) आहे. गुहागरहून चिपळूणला जाताना ती धावता धावता अचानक बंद पडते. आचके अजिबात देत नाही. वीस मिनिटांनी सुरू होते. गॅरेजच्या स्कॅनरवर कोणताही दोष दिसत नाही. टाकी धुवावी का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : नाही. आपले लक्षण वर दिलेल्या लक्षणाच्या नेमके उलट आहे. इंजेक्शनच्या गाडीत असे क्षणात बंद पडणे बहुधा क्रँक सेन्सर (इंजिनची गती ओळखणारा भाग), मुख्य रिले (विजेवर चालणारा स्विच) किंवा पेट्रोल पंपाचा रिले यांपैकी कशाने तरी घडते. गाडी बंद पडल्याबरोबर स्टार्टर न मारता किल्ली ‘ऑन’ करावी आणि मागच्या सीटखालून पंपाची दोनेक सेकंदांची घरघर ऐकू येते का पाहावे. ती आली नाही, तर रिले आणि त्याचे सॉकेट पाहावे. आल्यास स्टार्टर मारताना आरपीएमच्या काट्याकडे लक्ष द्यावे. तो जागचा हललाच नाही, तर तापल्यावर बिघडणारा क्रँक सेन्सर हा प्रमुख संशयित ठरतो. स्कॅनरवर साठवलेला दोष नसला तरी याच वेळी स्टार्टर मारत इंजिनची गती वाचावी. ती शून्य दिसल्यास संशय पक्का होतो. मात्र नवा सेन्सर आणण्यापूर्वी जुन्याचा कनेक्टर उघडून पिनांवर हिरवट गंज चढला आहे का, हे मेकॅनिकला आवर्जून दाखवण्यास सांगावे.