गळाला गाठ कोणती मारू?

प्रश्न : नुकतंच गरवायला लागलोय. व्हिडिओ बघून सात-आठ गाठी शिकलो, पण वरळीच्या खडकांवर वारा सुटला की एकही नीट बसत नाही. एकच ठेवायची तर कोणती?

युनि. खडकावर कामाला येते ती अंधारात, ओल्या हातांनी, न बघता बसणारी गाठ. ताकदीला उन्नीस-बीस असली तरी चालते. फ्लोरिडातले मासेमारी-लेखक विक डनवे यांनी ही गाठ लोकप्रिय केली. गळ, ल्युअर (खोटं आमिष), स्विव्हल (फिरती कडी), सगळ्यांना ती चालते.

गळाच्या नेढ्यातून वीतभर शेपूट, म्हणजे दोरीचं मोकळं टोक, बाहेर काढा, मुख्य दोरीला समांतर आणा आणि मागे वळवून फास करा. आता शेपूट फासाच्या आतून दोन्ही दोऱ्यांभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा. गाठ ओली करा, शेपूट ओढून वेढे आवळा आणि मगच मुख्य दोरी ओढून गाठ नेढ्यापर्यंत सरकवा. तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी) जाड असेल तर चार वेढे पुरेत, नाहीतर गाठ आवळतच नाही.

ओली करायची ती घर्षणामुळे. कोरडी गाठ आवळताना उष्णता होते आणि नायलॉन नेमकं तिथेच कमजोर पडतं. बहुतेक जण थुंकी लावतात. माहीमच्या खाडीत भिजलेली दोरी मात्र कृपा करून तोंडात घालू नका, पिण्याच्या पाण्याची बाटली सोबत असतेच की.

प्रश्न : ब्रेडला, म्हणजे विणलेल्या दोरीला, क्लिंच गाठ मारतो. गोराईच्या खाडीत मोठा मासा लागला आणि नुसती दोरी परत आली. जिताडा असावा. गाठ चुकली का?

दोरीचं टोक काय सांगतंय ते आधी बघा. टोक वेटोळं पडलेलं असेल तर गाठ सरकून सुटली. धागे विस्कटून केसाळ झाले असतील तर दोरी कालवांच्या शिंपल्यांवर नाहीतर खडकावर घासून तुटली. तेव्हा बिचाऱ्या गाठीला दोष देऊ नका.

ब्रेड गुळगुळीत असते आणि ताणत नाही, म्हणून क्लिंच तिच्यावर घसरते. थेट ब्रेडच बांधायची असेल तर पालोमार मारा. दोरी दुहेरी करून नेढ्यातून काढायची, साधी सैल गाठ घालायची, फासातून अख्खा गळ पार करायचा आणि आवळायचं. दुहेरी दोऱ्या एकमेकींवर चढू देऊ नका. दोन तीनतोंडी गळ लटकणाऱ्या ल्युअरला मात्र ही गाठ मारणं म्हणजे डोक्याला ताप.

पण खरा इलाज लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि गळ यांच्यामधला वेगळा तुकडा. जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणांना धार असते, ब्रेड त्यापुढे टिकत नाही. वावभर जाड तंगूस किंवा फ्लोरोकार्बन पुढे जोडा. जोडायला एफजी नॉट उत्तम, कारण ती बारीक असल्यामुळे रॉडच्या कड्यांतून अडकल्याशिवाय निघते. घरी पंख्याखाली बसून शिका. हलत्या होडीत दोन युनि समोरासमोर मारल्या तरी भागतं. आणि लीडर लागला की गळापर्यंत ब्रेड येतच नाही, म्हणजे फिरून पुन्हा युनि.

प्रश्न : बँडस्टँडला माझा ल्युअर पाण्यात मेल्यासारखा येतो, मित्राचा तोच ल्युअर मस्त डोलतो.

गाठ नेढ्यावर घट्ट बसली असणार. न सरकणारा छोटा फास, म्हणजे लूप नॉट, मारून बघा. येत नसेल तर युनि नेढ्याच्या जरा अलीकडेच थांबवा. मासा जोरात ओढेल तेव्हा ती सरकून घट्ट होईल, पुढच्या फेकीआधी परत सैल करावी लागेल. छोटं स्नॅपही (उघडबंद होणारी कडी) चालतं. जड स्नॅप लावलंत तर पुन्हा तीच रडकथा.

प्रश्न : वडिलांकडचे जुने गळ आहेत, त्यांना भोकच नाही, टोक चपटं केलंय. शिंगाळ्यासाठी वापरता येतील?

गंज खाल्ला नसेल तर बेलाशक. त्यांना स्नेल गाठ मारतात, म्हणजे दोरी दांड्याभोवतीच सात-आठ वेढे घालून बांधायची आणि चपट्या टोकापर्यंत सरकवायची. दोरी गळाच्या अणीच्या बाजूने बाहेर निघू द्या, नाहीतर चपट्या टोकाची कड तिला कापते.

प्रश्न : गाठीवर फेव्हिक्विक लावू का?

नको. शंका वाटत असेल तर कापून नव्याने मारा. गळ पकडीत धरून दोरी जोरात ओढून बघा, सुटायची असेल तर ती हातातच सुटू दे.