न झालेल्या प्रशिक्षणाच्या हजेरीवर सही करू का?

प्रश्न : अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर मी एजन्सीमार्फत सात महिन्यांपासून गार्ड आहे. वय 24, शिक्षण बारावी. रुजू झालो तेव्हा दोन दिवस जुन्या गार्डसोबत उभं केलं, तेवढंच काय ते शिक्षण. आता एजन्सीचं लायसन रिन्यू व्हायचं आहे म्हणून फील्ड ऑफिसर 20 दिवसांच्या प्रशिक्षणाच्या हजेरीपत्रकावर सह्या घेत फिरताहेत. त्यातल्या तारखांना मी रोज रात्री 8 ते सकाळी 8 नाईटला होतो. प्रमाणपत्राचे 6,000 रुपये पगारातून चार हप्त्यांत कापणार म्हणतात. सही केली नाही तर 'उद्यापासून येऊ नको', आणि प्रशिक्षण नसताना काम केलं म्हणून माझ्यावरच केस होईल, असंही सांगतात. सोबत सैन्यातून निवृत्त झालेले एक हवालदार काका आहेत, त्यांच्याकडेही तेवढेच पैसे मागितलेत. काय करावं? — एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर : सही करू नका. आणि केसची भीती आधी मनातून काढा, कारण ती घालणाऱ्याने एक तर कायदा वाचलेला नाही किंवा तुम्ही वाचलेला नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

तुमच्या एजन्सीचं जे 'पसारा लायसन' आहे ते खासगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) कायदा, 2005 खालचं. इंग्रजी आद्याक्षरांमुळे त्याचं नाव पसारा पडलं आणि काही एजन्सींच्या फायली पाहिल्या तर ते शोभतंही. या कायद्याचं कलम 9 सांगतं की गार्ड आणि सुपरवायझर यांना ठरवून दिलेलं प्रशिक्षण मिळेल हे एजन्सीने पाहायचं. कलम 10 ची सुरुवातच अशी आहे की अमुक अटी पूर्ण न करणाऱ्या माणसाला एजन्सीने गार्ड म्हणून ठेवू नये. वय 18 पूर्ण आणि 65 च्या आत, चारित्र्य पडताळणी, शारीरिक पात्रता आणि प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केलेलं असणं, या त्या अटी. म्हणजे मनाई एजन्सीला आहे. कलम 9 किंवा 10 मोडलं तर कलम 20 खाली 25,000 रुपयांपर्यंत दंड, शिवाय परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. आज एवढ्या दंडाचं एजन्सीला काही वाटत नाही. तिला खरी धास्ती परवान्याची. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान 45 दिवस आधी करावा लागतो आणि तेव्हा फाईल उघडली जाते. सात महिने कोणाला न आठवलेलं प्रशिक्षण आत्ता का आठवलं, ते यावरून लक्षात येईल.

आता प्रशिक्षण म्हणजे किती, ते पाहू. केंद्राचे 2006 चे आदर्श नियम आणि त्याच धर्तीवर महाराष्ट्राने 2007 साली केलेले नियम यांत नव्या गार्डसाठी किमान 100 तास वर्गातलं शिक्षण आणि 60 तास प्रत्यक्ष मैदानावरचं, तेही किमान 20 कामाच्या दिवसांत पसरलेलं, असं माप आहे. 160 तास भागिले 20 दिवस, म्हणजे रोजचे 8 तास. तुमच्या मस्टरवर त्याच दिवसांची 12 तासांची नाईट लागलेली आहे. बारा आणि आठ वीस. उरलेल्या चार तासांत घरी जाणं, जेवण, झोप आणि परत गेटवर येणं. हा हिशेब कागदावर मांडला की ते हजेरीपत्रक खोटं आहे हे सांगायला वकीलही लागत नाही. तुम्हाला सही करायला सांगताहेत तो कागद कारखान्याच्या मस्टरशेजारी ठेवला की जागीच पडतो, आणि पडेल तेव्हा त्यावर नाव तुमचं असेल.

काय शिकवायचं तेही नियमांत लिहिलेलं आहे : गणवेश आणि लोकांशी वागणूक, शारीरिक तंदुरुस्ती, इमारतीची व मालमत्तेची सुरक्षा, आग विझवणं, गर्दीचं नियंत्रण, ओळखपत्र तपासणं, स्फोटक वस्तू ओळखणं, प्रथमोपचार, आपत्तीच्या वेळी काय करायचं, फौजदारी कायद्याची तोंडओळख, खासगी बचावाचा हक्क, ठाण्यात एफआयआर कसा नोंदवतात, अलार्म आणि तपासणीची यंत्रं. हत्यारी गार्डला शस्त्र हाताळणं सक्तीचं, बाकीच्यांना ऐच्छिक. ही यादी मुद्दाम दिली, कारण सहीचा खरा धोका इथे आहे. ती सही तुम्ही हे सगळं शिकलात असं कबूल करते.

समजा, पुढच्या महिन्यात रात्री दोन वाजता विजेच्या पॅनेलला आग लागली आणि घाबरून तुम्ही पाण्याची बादली ओतली. किंवा भंगार चोरताना कोणी सापडला आणि तुम्ही त्याला सकाळपर्यंत केबिनमध्ये कोंडलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे साध्या माणसालाही, समोर घडलेल्या दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यात, आरोपीला पकडता येतं. पण विनाकारण उशीर न करता आणि सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. रात्री दोनला पकडलेला चोर सकाळी साडेआठला 'साहेब आल्यावर' दिला तर मुदत उलटली, आणि डांबून ठेवल्याचा आरोप तुमच्यावर येऊ शकतो. आज तुम्ही खरंच म्हणू शकता की मला हे कोणी शिकवलं नाही, शिकवण्याची जबाबदारी एजन्सीची होती. सही केल्यानंतर तुमच्यासमोर तुमचंच प्रमाणपत्र ठेवून विचारतील, 'प्रशिक्षण घेतलंत ना, मग?' एजन्सीच्या मानेवरचं जू अलगद तुमच्या मानेवर येतं, आणि त्यासाठी 6,000 रुपयेही तुम्हीच मोजायचे.

खोट्या हजेरीवर सही हा गुन्हा ठरेल का? भारतीय न्याय संहितेत खोटा दस्तऐवज करणं आणि तो खरा म्हणून वापरणं असे दोन्ही गुन्हे आहेत. 'सही तर माझ्याच नावाची आहे' हा बचाव वाटतो तितका पक्का नाही. स्वतःच्या नावाची सहीसुद्धा प्रसंगी खोटा दस्तऐवज ठरू शकते, असं स्पष्टीकरण कायद्यातच दिलेलं आहे. कागद तयार करणारा आणि परवान्यासाठी सादर करणारा यांची मान आधी अडकेल, हे खरं. पण तपासात तुम्हालाही बोलावतील, आणि साक्षीदार म्हणून बोलावलेला माणूस आरोपीच्या रांगेत जायला फार वेळ लागत नाही.

मग करायचं काय? तोंडी वाद घालू नका, फील्ड ऑफिसरशी गेटवर तर मुळीच नाही. एक छोटं पत्र लिहा, साधारण असं : 'मी अमुक तारखेपासून अमुक साइटवर कामाला आहे. मला दिलेल्या हजेरीपत्रकातील तारखांना मी रात्रपाळीत होतो, त्यामुळे त्यावर सही करू शकत नाही. नियमानुसार प्रशिक्षण घेण्यास मी तयार आहे. कृपया प्रशिक्षण संस्थेचं नाव, तारखा आणि वेळ लेखी कळवावी.' यातलं 'मी तयार आहे' हे वाक्य गाळू नका. उद्या एजन्सी म्हणेल की हा प्रशिक्षणालाच नकार देत होता; तेव्हा तेच वाक्य कामी येईल. पत्र कार्यालयात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा आणि त्याच दिवशी पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवरही टाका.

पत्र देण्याआधी पुरावा गोळा करा, नंतर मस्टर दिसेलच याचा भरवसा नाही. त्या तारखांच्या मस्टरच्या पानांचे फोटो, ड्युटी चार्ट, तुम्ही स्वतः लिहिलेल्या गाडी नोंदवहीतली किंवा मटेरियल रजिस्टरमधली रात्रीच्या नोंदीची पानं, पगार जमा झाल्याचं पासबुक, सुपरवायझरचे 'नाईटला ये' असे मेसेज. रजिस्टर उचलून घरी नेऊ नका. ते कारखान्याचं आहे आणि चोरीचा नवाच आळ यायचा. फोटोही फक्त तुमच्या नोंदीपुरते काढा. साइटवर काम करताना कळलेली माहिती बाहेर फोडू नये, असं बंधन या कायद्याने गार्डवर घातलेलं आहे.

सहकाऱ्यांपैकी कोणी आधीच सही केली असेल तर त्यानेही आजच्या तारखेचं पत्र द्यावं की सही दबावाखाली घेतली, त्या दिवसांत आपण ड्युटीवर होतो. उशीर होईल तसं ते पत्र दुबळं होत जातं.

प्रमाणपत्र हातात आलंच तर ते नीट पाहा. खरं प्रमाणपत्र प्रशिक्षण संस्था देते, ठरलेल्या नमुन्यात, आणि यशस्वी उमेदवारांची यादी संस्थेने नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे एजन्सीला परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, पाठवायची असते. म्हणजे खरं-खोटं तपासायला जागा आहे. माहिती अधिकारात अर्ज करा : 'अमुक संस्थेने पाठवलेल्या यादीत माझं नाव आहे का, असल्यास प्रशिक्षणाच्या तारखा आणि प्रमाणपत्र क्रमांक द्यावा.' 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांत तसंच बसतं. माहिती फक्त स्वतःपुरती मागा. सगळ्या गार्डांची नावं मागितली की 'वैयक्तिक माहिती' म्हणून अर्ज फेटाळायला कारण मिळतं. नियंत्रक प्राधिकारी राज्याच्या गृह विभागाच्या पातळीवरचा असतो. अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला तर त्यांनी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. उत्तराची मुदत 30 दिवस.

तक्रार करायची वेळ आली तर ती नियंत्रक प्राधिकाऱ्याच्या नावे करा आणि एक प्रत पोलिसांना द्या. अंबड आणि सातपूर शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात. हेच प्रकरण सिन्नर किंवा गोंद्याच्या कारखान्यातलं असतं तर जिल्हा पोलीस अधीक्षक, नाशिक ग्रामीण. चुकीच्या दारात महिना घालवणारे बरेच असतात. आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. तक्रारीत शिव्याशाप नकोत. तारखा, मस्टरचा फोटो आणि हजेरीपत्रकाचा फोटो एवढं पुरे. खोटी कागदपत्रं वापरणं आणि कायद्याचा भंग ही दोन्ही कलम 13 खाली परवाना रद्द करण्याची कारणं आहेत.

पैशाचा मुद्दा वेगळा ठेवा. वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. पगारातून काय कापता येतं त्याची यादी तिच्या कलम 18 मध्ये आहे : गैरहजेरी, भविष्य निर्वाह निधी, ॲडव्हान्स, प्राप्तिकर वगैरे. एजन्सीने स्वतःच्या कायदेशीर कर्तव्यापोटी द्यायच्या प्रशिक्षणाचा खर्च त्यात नाही. म्हणूनच काही ठिकाणी आधी 'ॲडव्हान्स मिळाला' अशा व्हाउचरवर सही घेतात आणि मग कपात ॲडव्हान्सची दाखवतात. 6,000 रुपये प्रत्यक्ष हातात किंवा खात्यात पडले नसतील तर त्या व्हाउचरवर सही नको. कोऱ्या व्हाउचरवर तर कधीच नको. पहिले 1,500 कापले गेले की ती पगार स्लिप घेऊन नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज करा. दाव्याची मुदत तीन वर्षं आहे, आणि पगार पूर्ण दिला हे सिद्ध करण्याचा भार मालकावर. 'प्रशिक्षण नव्हतं म्हणून पगार नाही' असं एजन्सीला म्हणता येत नाही. केलेल्या कामाचा पगार द्यावाच लागतो. ठेकेदाराने बुडवला तर मूळ मालक असलेल्या कारखान्याकडेही मागता येतो. त्यामुळे तक्रारीची एक प्रत कारखान्याच्या एचआरला दिली तर बऱ्याचदा काम तिथेच होतं.

कामावरून काढलं तर? इथे तुम्हाला गोड बोलून उपयोग नाही. नोकरकपातीची नोटीस आणि नुकसानभरपाई यांचं संरक्षण साधारण वर्षभराच्या सलग नोकरीला, म्हणजे मागच्या 12 महिन्यांत 240 दिवस कामाला मिळतं. सात महिने महिन्याला 26 दिवस धरले तर तुमचे 182 होतात. रिलीव्हर आला नाही म्हणून केलेल्या डबल ड्युट्यांनी पगार वाढतो, पण दिवस वाढत नाहीत. म्हणजे नोकरी जाऊ शकते, हे धरून चला. मात्र काढल्यावर सगळा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा असतो, आणि काढण्याचं कारण तुमच्या पत्रानंतरचं असल्याने कामगार कार्यालयातल्या समेटात एजन्सी अडचणीत येते. दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं एजन्सीकडे ठेवली असतील तर ती पत्र देण्याच्या आधीच, बँकेच्या कामाला हवीत म्हणून, परत घ्या. चारित्र्याचा दाखलाही मागा. एजन्सीने एकदा दिलेला तो दाखला नोकरी सोडली तरी परत घ्यायचा नसतो आणि पुढच्या ठिकाणी उपयोगी पडतो. सिंहस्थ जवळ आला आहे, नाशिकमध्ये गार्ड लागणार आहेत. खरं प्रशिक्षण घेतलेल्याला काम मिळायला अडचण येऊ नये.

तुम्ही सुरक्षा रक्षक मंडळात नोंदलेले नाही, एजन्सीचे आहात, असं धरून हे लिहिलं आहे. मंडळाचा गार्ड असेल तर त्याला महाराष्ट्राचा 1981 चा वेगळा कायदा लागतो आणि पगाराची वाटही वेगळी.

हवालदार काकांना सांगा की माजी सैनिक आणि माजी पोलिसांसाठी छोटा अभ्यासक्रम आहे : 40 तास वर्ग, 16 तास मैदान, किमान सात कामाचे दिवस. त्यांच्याकडून वीस दिवसांच्या हजेरीवर सही घेण्याचं कारणच नाही. पत्रासोबत त्यांनी डिस्चार्ज बुकाची छायांकित प्रत जोडावी, मूळ बुक कोणाच्याही हातात देऊ नये.