६५ मिमीच्या स्पॉटिंग स्कोपला झूम आयपीस घ्यावा की फिक्स्ड? घरचा कॅमेऱ्याचा ट्रायपॉड चालेल का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: स्पॉटिंग स्कोपची, म्हणजे ट्रायपॉडवर लावून एका डोळ्याने बघायच्या दुर्बिणीची, ६५ मिमी व्यासाच्या पुढच्या भिंगाची आणि तिरपा आयपीस (डोळा लावायचा भाग) बसणारी बॉडी जवळजवळ ठरली आहे. २० ते ६० पट मोठं दाखवणारा २०-६० झूम आणि एकाच पटीचा, रुंद दृश्याचा ३० पट वाइड यांच्यात मन अडकलंय. चष्मा आहे. घरी बॉल हेडवाला, म्हणजे वरचं डोकं गोळ्यावर सगळीकडे फिरणारा, हलका ट्रायपॉड पडून आहे. नागपूरच्या अंबाझरी, गोरेवाडा तलावांवरची हिवाळी बदकं बघायची आहेत, आणि जमलं तर गच्चीवरून शनीसुद्धा.

तुम्ही आयपीसबद्दल चार ओळी लिहिल्या आणि ट्रायपॉडबद्दल एक. मी हे प्रमाण उलटं करीन. बजेट ताणायचंच असेल तर ते ट्रायपॉडच्या हेडसाठी ताणा.

कॅमेऱ्याचा ट्रायपॉड शटर दाबायच्या क्षणापुरता स्थिर राहिला तरी भागतं. स्कोपला डोळा लावून आपण पाच-दहा मिनिटं थव्यामागे सरकत असतो, आणि ३० पटीला पक्षी जेवढा मोठा होतो तेवढीच हातापायांची प्रत्येक थरथरही मोठी होते. त्यात तलावाची पाळ म्हणजे हक्काचा वारा. दुकानात ट्रायपॉड तपासायची पद्धत सोपी आहे. स्कोप लावा, दूरच्या एखाद्या पाटीवर फोकस करा आणि नळीला बोटाने हलकी टिचकी मारा. चित्र दोनेक सेकंदांत शांत झालं तर ठीक. झुलतच राहिलं तर दुकानदार कितीही ‘दहा किलो पेलतो’ म्हणो, ठेवून द्या. किती किलो पेलतो हा आकडा मोडण्याबद्दल असतो, थरथरण्याबद्दल नसतो. ६५ मिमीचा स्कोप आयपीससकट जेमतेम दीड-पावणेदोन किलोचा. तो पेलायला कुठलाही ट्रायपॉड तयार होईल.

बॉल हेड मात्र नकोच. खिटी सैल केली की स्कोप नाक खाली करून पडतो, घट्ट केली की फ्रेम थोडी सरकते आणि पक्षी बाहेर जातो. हवं ते व्हिडिओवाल्यांचं लांब दांड्याचं फ्लुइड हेड: वर-खाली आणि डावी-उजवीकडे वेगवेगळं फिरणारं, दोन्ही दिशांना घट्टपणा कमी-जास्त करता येणारं. त्याची प्लेट लांब असू द्या, म्हणजे स्कोप पुढे-मागे सरकवून तोल साधता येतो. तोल बरोबर असला की हात सोडल्यावरही स्कोप आहे तिथेच राहतो. प्लेटवर स्क्रूच्या पुढे एक छोटी पिन असते; स्कोपच्या पायाला तिच्यासाठी खाच आहे ना, हे बघून घ्या. नाहीतर दांडा फिरवताना स्कोप प्लेटवरच गोल फिरू लागतो. आपल्या उन्हाळ्याबद्दल एक सांगून ठेवतो: फ्लुइड हेडमधलं ग्रीस उष्णतेने पातळ होतं. स्वस्त हेड डिसेंबरच्या सकाळी छान जड फिरतं आणि मे महिन्यात ढिलं पडतं. तसंही मे महिन्यात दुपारी तलावावर जायचं काय काम म्हणा.

पायांबद्दल थोडक्यात. चार तुकड्यांपेक्षा तीन तुकड्यांचे पाय बरे, कारण शेवटचा तुकडा काडीसारखा बारीक होत नाही. आयपीस तिरपा असल्यामुळे ट्रायपॉड डोळ्याइतका उंच लागत नाही, वरून वाकून बघता येतं. म्हणून मधला दांडा वर काढायचा मोहच ठेवू नका. सगळी थरथर तिथूनच येते. वारा असेल तर त्याच दांड्याच्या हुकाला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी लटकवा, पण ती जमिनीला टेकलेली असू द्या. हवेत झुलणारी पिशवी उलट त्रास देते. कार्बन फायबर हलकं असतं आणि कंप लवकर जिरवतं, पण महाग. तुम्ही गाडीने पाळीपर्यंत जाणार असाल तर जाड ॲल्युमिनियम पुरे. वाचलेले पैसे हेडमध्ये घाला.

आता आयपीस. झूमची गंमत अशी की सर्वांत कमी पटीला त्याचं दृश्य सर्वांत चिंचोळं वाटतं, बोगद्यातून बघितल्यासारखं. साध्या २०-६० झूमला २० पटीवर हजार मीटर अंतरावरचा साधारण ३५ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. चांगल्या ३० वाइडला तेवढाच किंवा थोडा जास्तच दिसतो, तोही दीडपट मोठा. थवा शोधायचा, त्यात शंभर तलवार बदकांमध्ये एखादा वेगळा पक्षी हेरायचा, तर हे रुंद दृश्यच कामाला येतं.

मग ६० पट कशासाठी? प्रामाणिकपणे सांगायचं तर जाहिरातीसाठी. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, एवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात शिरतो. ६५ मिमीला ३० पटीवर तो सव्वादोन मिमीच्या आसपास असतो, ६० वर जेमतेम १.१. चित्र अंधारतं आणि स्वतःच्याच डोळ्यातले तरंगते ठिपके दिसायला लागतात. त्याहून मोठी अडचण हवेची. सूर्य वर आला की जमीन तापते, तिच्यावरच्या हवेचे थर कमी-जास्त दाट होतात, प्रकाश वाकतो आणि पक्षी उकळत्या पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो. जानेवारीतसुद्धा नऊ-साडेनऊनंतर शेताडीवरून बघताना ४० पटीच्या वर जाण्यात अर्थ उरत नाही, मग स्कोप कितीही महाग असो. पाण्यावरून बघताना थोडं बरं, कारण पाणी सावकाश तापतं. काठाशी बसून बघण्यापेक्षा पाळीच्या उंचीवरून बघणं चांगलं.

झूम अगदीच टाकाऊ आहे असं नाही. काठावरचे छोटे पक्षी ओळखायचे असतील तर ४०-४५ पट उपयोगी पडते. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा पायांच्या रंगावरून वेगळे काढतात: पहिल्याचे काळे, दुसऱ्याचे पिवळट-हिरवट. (पाय चिखलाने माखलेले असले तर कुठलाही आयपीस कामाचा नाही.) चिखल्या-टिलव्यांचा नाद लागेल असं वाटत असेल तर २५ पासून सुरू होणारा वाइड झूम बघा. तो साध्या झूमपेक्षा बराच महाग पडतो. तुम्ही बदकांचंच नाव घेतलंय म्हणून मी ३० वाइडच म्हणीन.

चष्म्यामुळे आणखी एक गोष्ट बघावी लागेल: आय रिलीफ, म्हणजे आयपीसपासून डोळा किती दूर ठेवला तरी पूर्ण वर्तुळ दिसतं ते अंतर. चष्म्याला किमान १५ मिमी, १८ असेल तर आराम. झूममध्ये हा आकडा पटीनुसार बदलतो, म्हणून दुकानात रबरी कप खाली करून, चष्मा घालूनच दोन्ही टोकांना बघा.

आणि ‘आत्ता स्वस्त घेतो, पुढे दुसऱ्या कंपनीचा आयपीस लावीन’ असा बेत असेल तर तो सोडा. बहुतेक कंपन्यांची खाच आपापली असते, एकीचा आयपीस दुसरीला बसत नाही. पेंटॅक्सच्या पीएफ मालिकेसारखे काही स्कोप सव्वा इंची, म्हणजे आकाश बघायच्या दुर्बिणींचे आयपीस घेतात. तिथे निवड मोठी आहे, पण प्रत्येक आयपीस फोकस होईलच असं नाही. लावून बघूनच पैसे द्या.

पेंचला जंगल सफारीच्या जिप्सीत बसणार असाल तेव्हा हा सगळा संसार घरीच ठेवा. चालत्या-थांबत्या गाडीत ट्रायपॉड उभा करायला जागा नसते, ८×४२ ची (८ पट, ४२ मिमी भिंगांची) दोन डोळ्यांची साधी दुर्बीण तिथे जास्त दाखवते.

शनीचं म्हणाल तर ३० पटीला कडं असल्याचं कळतं, गुरूचे चार मोठे चंद्र तर २० लाच दिसतात. मात्र मार्च २०२५ मध्ये शनीची कडी आपल्याकडे काठ करून अगदी रेषेसारखी झाली होती. ती आता वर्षागणिक उघडत जातील, २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील. तोवर गच्चीवर चंद्र बघा, ३० पटीत तो पूर्ण मावतो आणि उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं स्पष्ट दिसतात. फक्त दिवसा, मुलं खेळत असताना, स्कोप गच्चीवर उभा ठेवून खाली जाऊ नका. सूर्याकडे एकदा जरी वळला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.