सॅम्युअल गॉविथ घेताय? आधी हे वाचा

पाइपच्या तंबाखूचा पहिलाच डबा सॅम्युअल गॉविथच्या ‘फुल व्हर्जिनिया फ्लेक’चा घेताय, निवड चांगली आहे, पण नवख्याला जरा जड जाते. इंग्लंडमधल्या केंडल गावचं हे 1792 पासूनचं घराणं, मूळचं तपकीरवालं. पाइपवाल्यांच्या बाहेर त्याचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नसतं.

ही तंबाखू मोकळी नसते. दाबून कापलेल्या लांब पट्ट्या असतात आणि डबा उघडल्यावर चांगल्याच ओल्या लागतात. तशीच भरलीत तर काड्यापेटी संपेल, पाइप काही पेटायचा नाही. पट्टी बोटांनी कुस्करून कागदावर तासभर पसरा. चिमटीत दाबून सोडली की गोळा न राहता हळूच सुटली पाहिजे. कुरकुरली तर जास्त सुकली. भरताना तळाला सैल, वर किंचित घट्ट. झुरके सावकाश घ्या, नाहीतर जीभ पोळते आणि खापर तंबाखूवर फुटतं. धूर छातीत ओढायचा नाही. (तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच, हे डोक्यात असू द्या.)

सामानावर पैसे उधळू नका. ठासायला, कोरायला, टोचायला एकच साधं झेक टूल आणि पाइप क्लीनरचं पुडकं, बास. नक्षीदार टॅम्पर (ठासणी) ही निव्वळ हौस. पाइपही मिझुरी मीरशॉम कंपनीचा, मक्याच्या कणसाचा घ्या. स्वस्त असतो आणि पहिल्या दिवसापासून नीट ओढतो; ब्रायर लाकडाच्या पाइपचं नंतर बघू. उरलेली तंबाखू घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा, वर तारीख टाका. व्हर्जिनिया जातीची तंबाखू वर्षभरात छान मुरते.